पावणेपाच ते पाच

वेळेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. एकतीस वर्षं मी एका तेलगिरणीत बॉयलरवर काढली. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल, आणि एवढ्या वर्षांत मागच्या पाळीच्या माणसाला एकदाही माझी वाट बघत बसावं लागलं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी जळगावात आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, गिरधर नाना दुधाला निघाले म्हणजे साडेसहा झाले. ही बढाई नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू जाणार आहे, म्हणून आहे तेवढी आधी दाखवून ठेवतो.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांनी नावं काही बदलली नाहीत, म्हणून घरात अजून गिरधर, भाईदास अशीच नावं चालतात. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, पन्नासेक घरांची. पाळक तरुण आहेत, भूपेंद्र त्यांचं नाव. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे, पण मी त्यांना पाळकसाहेबच म्हणतो.

मागच्या सप्टेंबरात त्यांनी प्रार्थना-साखळी सुरू केली. पहाटे चार ते सहा, आठ माणसं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आपापल्या घरी गुडघे टेकायचे, कागदावरची नावं एकेक करून घ्यायची, त्या माणसासाठी मागायचं. वेळ संपली की पुढच्याला मिस कॉल द्यायचा. मिस कॉल आला म्हणजे मागच्याची प्रार्थना झाली, आता तुमची. माझ्या आधी दीपनगरच्या कॉलनीतल्या कोकिळा मॅडम. त्यांचा मिस कॉल मला बरोबर पावणेपाचला यायचा. माझा पाच वाजता भागाबाईला, असोद्याला.

भागाबाई मूळची धुळ्याकडची, साक्रीची. नवरा गेल्यापासून असोद्यात राहते, केळीच्या मळ्यात मजुरीला जाते. लिहिता-वाचता येत नाही. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यावर गजर लावता येतो हे तिला माहीतही नाही. माझा मिस कॉल हाच तिचा गजर. पाळकसाहेबांनी मला तिच्या आधी ठेवलं ते याचसाठी. म्हणाले, "नाना, तुम्ही चुकणार नाही, म्हणून ती चुकणार नाही."

मी चुकलो नाही. मिस कॉल देण्यात मी एक दिवस चुकलो नाही.

प्रार्थनेचं मात्र वेगळं झालं. पहिला महिना मी मनापासून बसलो. देवघराच्या जागी आमच्याकडे एक छोटं टेबल आहे, त्यावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्यापुढे गोधडीची घडी टाकून गुडघे टेकायचे. पहिली तीन मिनिटं छान जायची. चौथ्या मिनिटाला डोक्यात नाही नाही ते सुरू. गॅसचा नंबर लावायचा राहिला, शेजाऱ्याने गाडी आपल्या दारात लावली, पेन्शनच्या कार्यालयातला तो दीडशहाणा असं कसं बोलला. पंधरा मिनिटं म्हणजे केवढी असतात ते गुडघ्यावर बसल्याशिवाय कळत नाही. त्यात ऑक्टोबरात आमच्या गल्लीत नळाची वेळ बदलली. पाणी एक दिवसाआड, आणि तेही नेमकं पावणेपाचला. मी म्हटलं, एवढं पाणी भरतो आणि मग बसतो. पाणी भरता भरता पाच वाजायचे. मग म्हटलं, भरता भरताच मनात म्हणावं, देव काय, सगळीकडेच आहे. मग थंडी पडली आणि ज्या दिवशी नळ नसायचा त्या दिवशी मी चहा करून घेऊ लागलो. दिवाळीपर्यंत प्रार्थना गेली आणि मिस कॉल तेवढा राहिला.

माझी बायको सुनंदा आतल्या खोलीतून सगळं ऐकायची. एकदा म्हणाली, "अहो, देवाशी बोलता की नळाशी?"

"तू झोप," मी म्हटलं.

"मी झोपलेलीच आहे. तुम्ही जागे असून काय करता ते विचारलं."

बायको असं बोलली की मला राग येतो. खरं असतं तेव्हा जास्त येतो. आठ दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

याच दिवाळीनंतरच्या रविवारी भागाबाई उपासनेत उभी राहिली. तिच्या मुलीला दिवस गेले होते, तीन महिने पूर्ण झाले म्हणून आता सांगते म्हणाली. याआधी मुलीचं दोनदा मूल गेलं होतं. एकदा पाचव्या महिन्यात, एकदा सहाव्यात. सासरचे लोक वाईट नव्हते, पण आता तेही गप्प झाले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हे तिसरं, याच्यापुढे तिच्या जिवाला झेपणार नाही. भागाबाईने फार बोलायचा प्रयत्न केला नाही. "माझ्या पोरीचं नाव कागदावर लिहा," एवढं म्हणून खाली बसली. पाळकसाहेबांनी नवीन कागद छापून वाटले. मी माझा घडी करून शास्त्रात ठेवला. तो मी उघडला नाही. मला ठाऊक होतं ना, भागाबाईची मुलगी, बाळंतपण. आणखी काय असायचं त्यात?

आता बॉयलरचं सांगतो, म्हणजे तुम्हाला माझं पाप नीट कळेल. बॉयलरवर दर तासाला रजिस्टर भरावं लागतं. वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी किती. पाण्याची पातळी एका काचेच्या नळीत दिसते. उठायचं, काचेसमोर उभं राहायचं, डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं. काही पोरं खुर्चीत बसूनच आकडे भरायची. मागच्या तासाला जे होतं तेच या तासाला, रोज तेच तर असतं. रजिस्टर कसं दिसायचं? एकदम झकास. मी अशा पोरांच्या कानाखाली जाळ काढलाय. "काच बघितली का?" हा माझा एकच प्रश्न. पाणी खाली गेलं आणि तुम्ही खुर्चीत बसून आकडा टाकला, तर बॉयलर रजिस्टर वाचून फुटायचा थांबत नाही. तर असा मी, आणि चार महिने रोज पाच वाजता भागाबाईला मिस कॉल देत होतो. काच न बघता.

वरून जानेवारीत पाळकसाहेबांनी मला तरुणांपुढे बोलायला उभं केलं. विषय, पहाटेच्या प्रार्थनेची सवय कशी लावावी. सवय म्हटलं की गिरधर नाना, दुसरं नाव कुणाला सुचणार? मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुम्हाला सांगतो, माणसाला आपलं कौतुक ऐकू यायला लागलं की बाकी काही ऐकू येत नाही. मी पाच मुद्दे काढले. रात्री लवकर झोपा. जागा एकच ठेवा. फोन दूर ठेवा. नावं घेऊन मागा. मन भरकटलं तर परत आणा. मुद्दे चांगले होते, आजही मी त्यातला एकही काढणार नाही. पोरं लिहून घेत होती. भागाबाई बायकांच्या बाजूला पुढेच सतरंजीवर बसली होती, तोंड उघडं टाकून ऐकत होती. सुनंदा मागच्या बाकावर होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पावणेपाचला कोकिळा मॅडमचा मिस कॉल आला. नळाचा दिवस नव्हता. मी चहाचं आधण ठेवलं आणि कपबशी, गाळणी काढायला लागलो. पाचला दहा कमी असताना फोन वाजला. पूर्ण वाजला, वाजतच राहिला. भागाबाईचा नंबर.

"नाना, पोरले आत लई गयात," ती म्हणाली. भागाबाई एरवी आमच्याशी मराठी बोलते, पण तिला काही झालं की सरळ अहिराणीवर जाते. मुलीला मध्यरात्रीपासून रक्त जात होतं, जळगावच्या दवाखान्यात आणलं होतं, आता पोट फाडून बाळ काढणार होते. साडेसात महिने. डॉक्टर म्हणाले होते, दोघांपैकी कुणाचंच सांगता येत नाही.

"मी निघतो," मी म्हटलं.

"निघू नका. आते तुमनी प्रार्थना चालू व्हई. फोन कानलेच ठेवा, मोठ्यानी म्हना. माले ऐकनं शे."

तिला वाटलं मी गुडघ्यावर आहे. माझी प्रार्थना चालूच असणार, ती फक्त मोठ्याने करायची, एवढंच तिचं मागणं. मी उभा होतो, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चहाची गाळणी. मी गॅस बंद केला. घसा साफ केला. "हे स्वर्गीय बापा, परमकृपाळू, सर्वसमर्थ देवा," इथपर्यंत गाडी चांगली आली, ते तर तोंडात बसलेलं आहे. "आम्ही तुझ्या चरणी येतो. तुझी लेक जी आज संकटात आहे, तुझी लेक..." आणि मी थांबलो.

मला तिचं नाव माहीत नव्हतं.

कागद शास्त्रात होता, शास्त्र टेबलावर, टेबल चार पावलांवर. चार पावलं गेलो असतो तरी चष्मा कुठे होता देव जाणे. पलीकडे भागाबाईचा श्वास ऐकू येत होता, मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज. वाट बघायला तिच्याकडे वेळ नव्हता. मी विचारलं, "बाई, मुलीचं नाव काय?"

मला वाटलं फोन कटला.

"दिपमाला," ती म्हणाली. "मन्ही पोरनं नाव दिपमाला शे."

मी ओट्याला धरून खाली बसलो, तिथेच, फरशीवर. परमकृपाळू वगैरे सगळं आटलं. मी म्हटलं, "देवा, दिपमालाला वाचव. तिच्या बाळाला वाचव. देवा, मी खोटा माणूस आहे, पण ती पोर खोटी नाही. तिला वाचव." तेच तेच तीन-चारदा म्हटलं. दुसरं येईना. पलीकडून "आमेन" आलं आणि फोन बंद झाला.

सुनंदा दारात उभी होती. गुडघे दुखतात म्हणून ती पहाटे उठत नाही, त्या दिवशी उठली होती. तिने मला हात देऊन उठवलं. काही टोचून बोलेल असं वाटलं, पण म्हणाली, "गाडी काढा. आणि तिला सांगून टाका. आता नाही सांगितलंत तर कधीच सांगणार नाही तुम्ही."

"आज? तिची मुलगी आत आहे."

"ती बाहेर आली की सांगा. पण आजच."

सहापर्यंत आम्ही दवाखान्यात पोचलो. ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली होती, साडेबाराशे ग्रॅम, काचपेटीत ठेवली होती. दिपमालाला दोन बाटल्या रक्त लागलं, पण ती शुद्धीवर यायला लागली होती. सुनंदा वर तिच्याजवळ गेली. भागाबाई जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी खालच्या पायरीवर बसलो. म्हातारा माणूस पायाशी बसतोय म्हणून ती उठायला लागली, मी तिला बसवलं.

"भागाबाई, मी चार महिने प्रार्थना केली नाही," मी म्हटलं. "वेळेवर मिस कॉल दिला. पण त्याच्या आधीची पंधरा मिनिटं मी पाणी भरत होतो, चहा पीत होतो. तुझ्या मुलीसाठी मी आज पहिल्यांदा मागितलं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या नाना, मूल तर वाचलं. आमच्यात असं म्हणायची पद्धत आहे. भागाबाईने तसं म्हटलं नाही.

"एकदा पण नाही?" तिने विचारलं.

"एकदा पण नाही."

"मग मी काय करत होते ते ऐका," ती म्हणाली. आणि तिने जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटायचं, आपण अडाणी, देवापुढे काय बोलावं ते आपल्याला येत नाही. नाना शिकलेले, नानांनी त्या दिवशी मंडळीत किती नीट सांगितलं. ते रोज आपल्या आधी देवापुढे जाऊन आलेले असतात. त्यांनी सगळं व्यवस्थित मागितलेलं असणार. मग आपण वेगळं काय मागायचं? म्हणून माझा मिस कॉल आला की ती उठायची, गुडघ्यावर बसायची आणि एकच वाक्य म्हणायची. ते तिने मला तिच्या बोलीत म्हणून दाखवलं.

"देवबाप, नानानी आते जे मांगं, तेच माले दे. आमेन."

बस, एवढंच. मग पंधरा मिनिटं गप्प बसून राहायची आणि उठून भाकरीला लागायची.

जिन्यावरून लोक जात-येत होते. एका नर्सने आम्हाला बाजूला सरकायला सांगितलं, आम्ही सरकलो. मी मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. नानाने जे मागितलं तेच दे. नानाने काय मागितलं होतं? काही नाही. पोरीच्या जिवावर बेतलेलं असताना ही आई रोज पहाटे उठून देवाकडे, माझ्या भरवशावर, काही नाही मागत होती. मला रडू आलं. मी तोंड लपवलं नाही, लपवायला आता राहिलं काय होतं?

"रडू नका," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "माले तुमना राग शे, नाना. लई राग शे."

"असणारच."

"मी बठ्ठं तुमनावर सोडेल व्हतं."

सगळं माझ्यावर सोडलं होतं तिने. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि एखाद्या मुकादमाने मजुराला काम लावून द्यावं तसं मला लावून दिलं. उद्यापासून मिस कॉल नको. पाच वाजता पूर्ण फोन करायचा. "मी मागीन, तुम्ही ऐका. शेवटी आमेन म्हणा. मध्ये बोलायचं नाही."

"आणि माझी पाळी?"

"ती तुमची तुम्ही करा. पावणेपाचला. ते मी ऐकणार नाही. केली का असंही विचारणार नाही."

त्या रविवारी मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "नाना, तुमचे ते पाच मुद्दे मी फोनवर सगळ्या पोरांना पाठवलेत." मी कपाळाला हात लावला. त्यांनी विचारलं, साखळीतून काढू का. मी म्हटलं, काढू नका, हवं तर पोरांना खरं काय ते सांगा. त्यांनी ते मलाच सांगायला लावलं. पोरांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

पहिल्या दिवशीच्या पावणेपाचचं सांगतो. शास्त्रातून कागद काढला, चष्मा लावला, गुडघे टेकले. एकवीस नावं होती. सगळी नावं घेऊन, प्रत्येकासाठी मागून झाल्यावर घड्याळात बघितलं, तर चार वाजून एक्कावन्न. अजून नऊ मिनिटं. नळाला पाणी आलेलं ऐकू येत होतं. सुनंदा कण्हत उठली आणि तिने हंडा लावला. मी तसाच बसलो. म्हटलं, देवा, मला पुढे काय बोलायचं ते येत नाही. पंचेचाळीस वर्षं मंडळीत मोठमोठ्याने प्रार्थना केल्यात, पण दार लावून तुझ्याशी काय बोलायचं ते येत नाही. मग परत नावं घ्यायला सुरुवात केली, या वेळी सावकाश. दुसऱ्या फेरीत एकेक माणूस डोळ्यांपुढे यायला लागला. कोकिळा मॅडमचा भाऊ, दोन वर्षं अंथरुणावर आहे, त्याला मी एकदाही बघायला गेलो नव्हतो. त्याच्यापाशीच पाच वाजले.

मग मी भागाबाईला फोन केला. तिने लगेच उचलला, आधीच उठून बसली असावी. मी काही बोललो नाही, तिने सांगितलंच होतं. ती सुरू झाली, अडखळत, मध्येच थांबत. देवबाप, पोरीला काल पाणी पाजलं. छोटीचं वजन वीस ग्रॅम कमी झालं, डॉक्टर म्हणतात आधी होतंच असं, पण मला भीती वाटते. दूध पोटात टिकू दे. जावयाला धीर दे, तो बोलत नाही. असं घरातल्या मोठ्या माणसाला सांगावं तसं ती सांगत गेली. आणि शेवटी म्हणाली, "देवबाप, नानानी माले फसाडं. माले त्याना राग शे. आज तो जात नही. उद्या परत सांगसू. आमेन."

मी कानाला फोन लावून ऐकत होतो. माझ्याबद्दल देवाला सांगितलेलं, आणि त्यावर मला आमेन म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आमेन."

रोज असंच. पावणेपाचला माझं, पाचला तिचं. छोटीचं वजन वाढलं, कमी झालं, एकदा कावीळ झाली तेव्हा भागाबाईला बोलताच येईना, नुसती हुंदके देत होती आणि मी ऐकत होतो. मध्ये बोलायचं नाही म्हणजे नाही. आणि रोज शेवटी ते वाक्य. राग शे, आज जात नही. आठव्या दिवशी ते होतं, चौदाव्या दिवशी होतं. खरं सांगू, मला त्याची सवय झाली नाही. रोज ते कानाला लागायचं तसंच लागायचं. पण त्यामुळे दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी गुडघ्यावर असायचो, हेही खरं. एकदा ताप होता, पाठ धरली होती, तरी बसलो. पंधरा मिनिटं आता पुरत नाहीत असं मी म्हणणार नाही, काही दिवस अजूनही लांबतात. मन नळाकडे जातं. परत आणतो.

तेविसाव्या दिवशी छोटी सोळाशे साठ ग्रॅम झाली. भागाबाईने ते देवाला सांगितलं. दिपमाला आता स्वतः उठून दूध पाजायला जाते ते सांगितलं. आठवड्याभरात घरी सोडतील म्हणाली. पाळण्यासाठी जुनी साडी काढून ठेवलीय तेही सांगितलं. मग म्हणाली, "आमेन."

मी थांबलो. ती रागाचं वाक्य विसरली असं वाटलं. आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून वाट बघत राहिलो. ती म्हणाली नाही. पलीकडे कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं. विचारू का, असं मनात आलं, पण विचारणं माझ्या हक्काचं नव्हतं. आमेन म्हणायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

"नाना," ती म्हणाली, "झोपी गयात का?"

"नाही, बाई. जागा आहे."

"मंग आमेन म्हना. माले कामले जानं शे."